पेढीवरच्या पिसवा

नोकरीच्या अर्जात 'छंद' नावाचा एक रकाना असतो. 'अपेक्षित वेतन' भरताना माणूस अडखळत नाही इतका तो या रकान्यापाशी अडखळतो. शेवटी 'वाचन' असं लिहितो आणि मुलाखतीत कोणी 'सध्या काय वाचताय?' असं विचारू नये म्हणून कुलदैवताचा धावा करतो. जरा हुशार उमेदवार 'पोस्टाची तिकिटे जमवणे' लिहितात. पण 'किडे जमवणे' असं लिहिलेला अर्ज मी आजवर पाहिलेला नाही. समजा कोणी लिहिलाच, तर आमच्या शाखेत त्याची नेमणूक थेट रेकॉर्ड रूममध्ये होईल. तिथं वाळवी, कसर आणि झुरळं यांचा संग्रह आयता तयार आहे, आणि तोही जिवंत.

असं असूनही, जगातल्या एका अत्यंत मातबर पेढीच्या दोन वारसांनी आयुष्यभर हाच उद्योग केला. ही पेढी म्हणजे लंडनची एन. एम. रॉथशिल्ड अँड सन्स. थोरला वॉल्टर, धाकटा चार्ल्स. त्यांना अर्ज करावा लागला नाही, कारण पेढी वडिलांचीच होती. 'बँकेतल्या माणसाला छंद नसतात, फक्त सुट्ट्या असतात' असं आम्हां लोकांबद्दल बोललं जातं. त्याला सणसणीत उत्तर मिळावं म्हणून मी या दोघा भावांची माहिती काढू लागलो, आणि काढता काढता लंडनहून थेट मुंबईच्या मांडवीत येऊन पोचलो. ते कसं, ते पुढं येईलच.

आता किडे पकडणं आपल्याला अगदीच परकं आहे असं नाही. पावसाळा सुरू झाला की आमच्या वर्गात निम्म्या दप्तरांत एक काड्यापेटी असायची आणि तिच्यात हिरवागार, चकचकीत सोनकिडा. पेटीला टाचणीनं भोकं पाडायची, आत पाल्याचा तुकडा टाकायचा आणि गणिताच्या तासाला ती कानाशी धरून आतली खरखर ऐकायची. एका सोनकिड्याला दोन पेन्सिली असा बाजारभाव होता. काही वीर चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला पतंगासारखा उडवायचे. पण याला कोणी संग्रह म्हणत नाही. आठवड्याभरात किडा मरायचा आणि काड्यापेटी मुकाट्यानं देव्हाऱ्याजवळ परत जायची.

शास्त्रशुद्ध संग्रहाची तऱ्हा निराळी. फुलपाखरू जाळीनं धरायचं, विषारी वाफेच्या बरणीत ते शांत करायचं, छातीतून बरोब्बर मधोमध टाचणी घालायची, पंख लाकडी फळीवर कागदाच्या पट्ट्यांनी ताणून वाळू द्यायचे. भुंगा असेल तर टाचणी मधोमध नाही घालायची. पाठीवरच्या उजव्या कवचातून घालायची. जगभर सगळे तशीच घालतात. (आमच्या बँकेतल्या पुष्कळ गोष्टींना हेच एक कारण आहे.) मग काचेच्या झाकणाचा खण, त्यात डांबराच्या गोळ्या. आणि एवढं झाल्यावर खरी महत्त्वाची गोष्ट राहते, ती म्हणजे टाचणीला खाली टोचलेली नखाएवढी चिठ्ठी. किडा सापडला कुठं, कोणत्या तारखेला, पकडला कोणी. ही चिठ्ठी गळून पडली तर तो किडा कितीही देखणा असो, शास्त्राच्या दृष्टीनं त्याची किंमत खातेक्रमांक नसलेल्या ठेवीइतकी. पैसे आहेत, दिसताहेत, पण कुणाचे म्हणून दाखवणार?

हे वाचलं तेव्हा माझ्यातला बी. कॉम. एकदम ताठ बसला. तोवर माझी समजूत होती की किडे जमवणारे म्हणजे डोक्यावर हॅट घालून कुरणात धावणारे स्वच्छंदी लोक. प्रत्यक्षात ही आमचीच जात निघाली! रोजकीर्द, खतावणी, तेरीज, सगळं तेच. फरक एवढाच, की आमच्या नोंदीला पाय नसतात.

थोरल्या वॉल्टरचा जन्म १८६८चा. सातव्या वर्षीच त्यानं आईवडिलांना सांगून टाकलं, की मी मोठेपणी संग्रहालय काढणार. आपल्याकडची मुलं या वयात कंडक्टर होणार म्हणतात आणि दोन महिन्यांत विसरतात. हा विसरला नाही. एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी लंडनच्या वायव्येला ट्रिंग या गावी त्याला संग्रहालयासाठी इमारत बांधून दिली आणि त्याच सुमाराला पेढीवरही बसवलं. एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं वळतं करून घेतलं. १८९२मध्ये संग्रहालय लोकांना खुलं झालं. पेढीवर मात्र वॉल्टर कधीच उघडला नाही. सहा फूट तीन इंच उंचीचा, अवाढव्य देहाचा आणि बोलायला लाजणारा हा गृहस्थ आकड्यांपुढं बसून काय करत असेल, याची मी कल्पना करू शकतो, कारण मार्च अखेरीला मीही तेच करतो.

संग्रहाच्या बाबतीत मात्र त्याचा हात सढळ. जगभर त्याची माणसं फिरत होती. फुलपाखरं आणि पतंग मिळूनच साडेबावीस लाख नमुने जमले. अल्बर्ट मीक हा त्याचा माणूस न्यू गिनीच्या जंगलात हिंडत होता. १९०६मध्ये त्याला झाडांच्या शेंड्यांवरून उडणारं एक फुलपाखरू दिसलं, एवढं मोठं की जाळीचा उपयोग नव्हता. मीकनं सरळ छर्ऱ्याच्या बंदुकीनं ते पाडलं. जगातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखराची शास्त्राला ओळख झाली ती अशी, गोळी घालून! पुढच्याच वर्षी वॉल्टरनं त्याला राणी अलेक्झांड्राचं नाव दिलं. राणीला हा मान कितपत रुचला असेल कोण जाणे. छर्ऱ्यांची भोकं त्या पंखांत तशीच राहिली.

वॉल्टर लोकांच्या लक्षात राहिला तो निराळ्याच कारणानं. त्यानं झेब्रे गाडीला जुंपले आणि ती गाडी बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत हाकत नेली. राक्षसी कासवावर बसलेला त्याचा फोटोही आहे. झेब्रा माणसाळत नाही असं म्हणत, ते खोटं ठरवायला हा गेला. पण आलेली पत्रं उघडून वाचायला काही त्याला जमलं नाही. पत्र आलं की ते वेताच्या मोठ्या टोपलीत जायचं. टोपली भरली की दुसरी टोपली. आमच्याकडे 'आवक नोंदवही' नावाचा जो छळ आहे, त्यावर हा एक तोडगाच म्हणायचा. १९०८मध्ये घरच्यांनी टोपल्या उपसल्या तेव्हा भलीथोरली देणी निघाली, आणि वॉल्टरची पेढीवरची नोकरी संपली. मालकाच्या मुलाचीही नोकरी जाऊ शकते, ही बाब मी आमच्या शाखेत मुद्दाम सगळ्यांना सांगितली. कोणाला विशेष दुःख झालं नाही.

वॉल्टर सुटला आणि पेढीचं ओझं पडलं ते धाकट्या चार्ल्सवर. मला या गोष्टीत खरा माणूस भेटला तो हाच.

चार्ल्स १८७७चा. पूर्ण वेळ निसर्गाच्या अभ्यासाला द्यावा, एवढीच त्याची इच्छा. पण एक मुलगा फुलपाखरांमागं गेल्यावर दुसऱ्यालाही सोडणं वडिलांना परवडणारं नव्हतं. चार्ल्सनं भांडण केलं नाही. केंब्रिजहून आला तो पेढीवर बसला. दिवसभर सोन्याचे आणि कर्जरोख्यांचे व्यवहार, आणि संध्याकाळी, रविवारी, रजेत त्याचं खरं काम: पिसवा.

होय, पिसवाच. फुलपाखरं थोरल्यानं घेतली, भुंगेही गेले, तेव्हा धाकट्याच्या वाट्याला काय उरणार? एकत्र कुटुंबातल्या कोणत्याही धाकट्या भावाला हे समजावून सांगावं लागणार नाही. खरं म्हणजे फुलपाखरं त्यालाही प्रिय होतीच. त्यांच्यामागं हिंडताना नॉर्दम्प्टनशरमधल्या एका रानावर त्याचा जीव जडला. ते विकत घ्यावं म्हणून चौकशी केली, तर उत्तर आलं, मालक विकणार नाहीत. मालक कोण, तर त्याचेच तीर्थरूप! आमच्याकडे वडिलांच्या नावावर नक्की काय आहे हे त्यांच्या पश्चात कळतं. तिथं निदान हयातीत कळलं. पुढं कार्पेथियन डोंगरात फुलपाखरं धरायला गेला असता त्याला हंगेरीची एक टेनिसपटू भेटली, रोझिका तिचं नाव, आणि १९०७मध्ये त्यांचं लग्न झालं. छंदाचा असाही उपयोग होतो, हे पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पण शास्त्रात त्यानं नाव काढलं ते पिसवांच्याच जोरावर. पिसू मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. (आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचा अपवाद.) जनावर जिवंत असतं तोवर ती त्याच्या अंगावर असते. ते मेलं आणि अंग गार पडू लागलं की ती पटकन त्याला सोडते आणि दुसरं गरम अंग शोधू लागते. म्हणून शिकार हातात आली की तत्क्षणी पिशवीत घालून तोंड बांधायचं, नाही तर खातेदार रक्कम काढून पसार. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढं कामाला येणार आहे. मग पिसू अल्कोहोलमध्ये, नंतर काचेच्या पट्टीवर, आणि पट्टीवर चिठ्ठी: गाव, तारीख, जनावर कोणतं, पकडणारा कोण. अशा अडीच लाखांवर पिसवा जमल्या. सुमारे पाचशे नव्या जातींची वर्णनं त्यानं केली. एकीच्या पायावर केस किती आणि दुसरीच्या डोळ्यापुढचा केस कुठं, असल्या तपशिलात त्याच्या संध्याकाळी गेल्या. कोणाही शहाण्या माणसानं विचारावं, की अरे बाबा, याचा उपयोग काय?

१९०१मध्ये चार्ल्स सुदानात नाईलकाठच्या शेंदी गावापाशी गेला होता. तिथल्या उंदरांवर त्याला एक पिसू मिळाली. १९०३मध्ये त्यानं तिचं वर्णन छापलं आणि पिरॅमिड बांधणाऱ्या चिऑप्स राजाच्या नावावरून तिला 'चिऑपिस' म्हटलं. नोंद झाली, पट्टी खणात गेली, चार्ल्स दुसऱ्या दिवशी पेढीवर गेला.

इथून आपण मुंबईला येऊ. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या त्या वस्तीत, डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढचं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. मुंबई रिकामी झाली. १८९७च्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. जूनमध्ये रँडवर चापेकरांच्या गोळ्या झडल्या. सरकारचा समज असा, की रोग घाणीत आहे, जमिनीत आहे, भिंतीत आहे. म्हणून घराघरांत सोल्जर घुसले, जमिनी उकरल्या, कौलं काढली, कार्बोलिक ओतलं, आणि मुंबईत दारांवर 'राहण्यास अयोग्य' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवली. माणसं मरत होतीच, त्यात इभ्रतही गेली. आणि घराचा ज्या क्षणी असा खणपट्टीला लागून उच्छाद मांडला जाई, त्या क्षणी उंदीर शेजारच्या घरात जात.

खेड्यातल्या माणसांना सरकारपेक्षा जास्त कळलं होतं. माझी आजी तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, त्यात 'उंदीर पडला' हे शब्द ती आवाज खाली घेऊन उच्चारायची. घरात उंदीर मरून पडला की कोणी वैद्याची वाट पाहत नसे. अख्खं गाव चूलबोळकी उचलून माळावर झोपड्यांत राहायला जायचं. का, ते सांगता येत नव्हतं. पण हिशेब बरोबर होता.

त्याचं उत्तर पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं शोधलं, तेही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत. त्याच्या ध्यानात आलं, की नुकता मेलेला उंदीर उचलणारा माणूस आजारी पडतो, बराच वेळ गार पडलेला उचलणाऱ्याला काही होत नाही. २ जून १८९८ रोजी त्यानं काचेच्या भांड्यात प्लेगचा उंदीर ठेवला, त्याच्यावर पिसवा सोडल्या, आणि वर तारेच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं. खालचा मेला. काही दिवसांनी वरचाही मेला. चार्ल्सच्या पिशवीचं तोंड ज्या कारणासाठी बांधावं लागे, तेच हे कारण: गार अंग सोडून गरम अंगावर उडी.

सिमाँवर विद्वान मंडळी काही वर्षं हसत राहिली. कमिट्यांची ती रीतच आहे. अखेर १९०५पासून नव्या प्लेग मंडळानं परळला प्रयोग सुरू केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. काही जमिनीवर, काही पिसू उडी मारून पोचणार नाही इतक्या उंचीवर, काही बारीक जाळीआड. जमिनीवरचे मेले, उंचावरचे आणि जाळीआडचे वाचले. दोषी सापडला. आणि मुंबईच्या उंदरांवरची ही पिसू कोणती म्हणून पाहिलं, तर तिचं नाव आधीच नोंदलेलं होतं. चिऑपिस. वहीत, तारखेसह, रॉथशिल्डच्या सहीनं.

मग मला प्रश्न पडला, नाव असलं काय आणि नसलं काय? पिसू ती पिसू. याचं उत्तर मद्रास आणि कोलंबोकडून मिळालं. मुंबई-पुण्याला झोडपणारा प्लेग मद्रास शहरात फारसा पसरलाच नाही. उंदीर तिथं कमी होते असं नाही. कोलंबोला हर्स्ट नावाचा जंतुशास्त्रज्ञ होता. त्यानं पाहिलं की तिथल्या उंदरांवर बहुतांशी भलतीच पिसू आहे. दिसायला चिऑपिसची सख्खी बहीण; सूक्ष्मदर्शकाखाली घालून केसाकेसाचा हिशेब केल्याशिवाय ओळखू न येणारी. ती वेगळी आहे हे १९११मध्ये कोणी ओळखून ठेवलं होतं? पेढीवरून घरी आल्यावर केस मोजत बसणाऱ्या चार्ल्सनं. तिचं नाव 'ॲस्टिया'. ही ॲस्टिया प्लेग पसरवण्याच्या कामी फारच आळशी. १९१४मध्ये कोलंबोत प्लेग शिरला तो मुख्यतः धान्याच्या गोदामांभोवती फिरला, आणि चिऑपिस होती ती तिथंच. हवामानाचाही यात हात आहेच. पण कुठल्या बंदराला किती धोका, कुठं आधी माणसं पाठवायची, हे ठरवायला त्या दोन चिठ्ठ्या लागत होत्या. हिंदुस्थानात या साथीनं एक कोटीवर माणसं नेली. इतक्या मोठ्या नावेवरच्या हिशेबात एका केसाची नोंद किती महत्त्वाची, हे तेरजेत एक रुपया जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेल्या माणसालाच कळेल.

चार्ल्सला मात्र निवृत्त होता आलं नाही. पेढी, पिसवा, आणि त्यात आणखी एक काम त्यानं अंगावर घेतलं होतं: किडे राहतात ती दलदल आणि रानंच राखली पाहिजेत, खणातले किडे पुरेसे नाहीत, असं म्हणून १९१२मध्ये त्यानं इंग्लंडात राखीव जागांसाठी संस्था काढली. मग दीर्घ आजारानं तो खचला. १९२३च्या ऑक्टोबरात त्यानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय शेहेचाळीस. मी त्या वयाच्या आसपास आहे. रात्री उशिरा ही ओळ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. सौ.नं विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, एक बँकेतला माणूस गेला."

वॉल्टर १९३७पर्यंत जगला. त्याच्या टोपल्यांतल्या काही पत्रांत एका उमराव घराण्यातल्या बाईचे पैशांसाठी धमकावणारे कागद असत. ती त्याला कित्येक वर्षं पिळत होती. शेवटी १९३२मध्ये त्यानं आपले दोन लाख ऐंशी हजार पक्षी न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला सव्वादोन लाख डॉलरना विकून टाकले. मी लगेच भागाकार केला. पक्ष्यामागं पुरता डॉलरसुद्धा पडला नाही! पण किड्यांना त्यानं हात लावला नाही. ते मृत्युपत्रानं ब्रिटिश म्युझियमला गेले, आणि ट्रिंगचं संग्रहालयही. तिथं मेक्सिकोहून आलेल्या दोन पिसवा मांडून ठेवल्या आहेत, अंगात चक्क शिवलेले कपडे घातलेल्या. भिंगातून बघाव्या लागतात. शिंप्यानं माप कसं घेतलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

चार्ल्सच्या पिसवांचा कारभार पुढं त्याच्या मुलीनं पाहिला. बाप गेला तेव्हा मिरियम पंधरा वर्षांची होती. तिला महाविद्यालयाची पदवी नव्हती. वडिलांच्या पट्ट्या एकेक काढून, चिठ्ठी वाचून, एका सहकाऱ्याबरोबर तिनं त्या संग्रहाची सूची केली. १९५३ ते १९७१ एवढ्या काळात तिचे पाच जाडजूड खंड निघाले. पिसू इतकी उंच उडी कशी मारते, हेही तिनं पुढं शोधून काढलं: अंगात रबरासारखा एक पदार्थ असतो, तो आवळून धरायचा आणि एकदम सोडायचा. मिरियमबाई २००५पर्यंत जगल्या. जिवंत पिसवा त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून आपल्या झोपायच्या खोलीत ठेवत. मुलांचा त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

हा शेवटचा भाग मी अजून घरी वाचून दाखवलेला नाही.